तिखटमिठाचे कच्चे जेवण



कच्चे अन्न म्हटले की काकडीचे काप आणि उदास चेहरा डोळ्यांपुढे येतो. पण चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची कैरीची डाळ आठवा! हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून भरड वाटायची. कैरी, मिरची, मीठ घालायचे. वरची फोडणी सोडली तर तिला विस्तव लागतच नाही. परभणीच्या वैशाखात गॅसपुढे उभ्या राहणाऱ्या बाईला हे केवढे सुख!

महात्माजींनी १९२९ साली न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. प्रकृतीला मानवेना, तेव्हा सोडला. म्हणून एकदम भाकरी सोडा असे मी म्हणणार नाही. आठवड्यातली एक रात्र धरा. हिवाळ्यात करडईचा कोवळा पाला, मेथी. उन्हाळ्यात कांदा, काकडी. त्यात मोडाची मटकी, भिजवलेले शेंगदाणे, लिंबू आणि चमचाभर कच्चे तेल. डाळ-दाणे आणि तेल यांना हात आखडला की मध्यरात्री पोट ओरडते. मग नाव कच्च्या अन्नाचे बद्दू! आणि हो, सर्वांना वाढून उरेल ते आपण, हा नियम त्या रात्री तरी नको.

मोड तीनदा धुऊन घ्या. गरोदर सुनेला, लहान मुलांना आणि वृद्धांना मात्र ते शिजवूनच द्या.