जादा व्याजाचें मोल

ज्या कुटुंबाचें दुकान, छापखाना किंवा खानावळ आहे, त्या कुटुंबांत पैशाचे दोन प्रवाह वाहात असतात. एक घराचा, दुसरा धंद्याचा. घरच्या पैशाविषयीं गृहिणी दक्ष असते. धंद्याची शिल्लक मात्र बँकेंत सुखरूप आहे, एवढ्यावरच पुष्कळांचें समाधान असतें. मग एखादे दिवशीं दुसऱ्या बँकेचा प्रतिनिधि दुकानाची पायरी चढतो आणि सांगतो, “खातें आमच्याकडे आणा, एक टक्का जादा मिळेल.” हा एक टक्का घेण्याजोगा आहे कीं नाहीं, हें कसें ठरवावें याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम नियम पाहूं. अमेरिकेंत व्यापारी पेढीला बचत खातें उघडतां येतें, आणि ठराविक रक्कम ठराविक दिवस ठेवणाऱ्यास कित्येक बँका रोख बक्षिसी देतात. आपल्याकडे तशी चाल नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें व्यापारी पेढीच्या नांवें बचत खातें निघत नाहीं. तिनें चालू खातें ठेवावयाचें, आणि चालू खात्यावर व्याज देण्यास बँकांना मनाई आहे. ठेवी मिळविण्यासाठीं सोडती काढणें, मोफत प्रवासाचीं आमिषें दाखविणें हेंहि निषिद्ध. ठेव घेतांना द्यावयाची किरकोळ भेटसुद्धां २५० रुपयांहून अधिक किंमतीची असूं नये. म्हणून येथें आमिष येतें तें व्याजाच्या वेषांत. चालू खात्यांतील ठराविक मर्यादेवरची रक्कम आपोआप मुदत ठेवींत जावी व गरज लागतांच परत यावी, अशी सोय बँका देतात. या ठेवीचा दर प्रत्येक बँकेचा निराळा. आणि चढाओढ चालते ती त्या दराची.

आतां शाळेंतील सरळव्याज आठवूं या. समजा, एक लाख रुपये ९० दिवस ठेवले. एका बँकेचा दर ६ टक्के, दुसरीचा ७ टक्के. पहिली १,४७९ रुपये देईल, दुसरी १,७२६ देईल. म्हणजे “एक टक्का जादा” या भारदस्त शब्दांचा अर्थ तीन महिन्यांस २४७ रुपये, आणि त्यांतूनहि प्राप्तिकर वजा व्हावयाचा. शिवाय सात दिवस पुरे होण्यापूर्वीं ठेव मोडली, तर व्याज मुळींच मिळत नाहीं. ज्याचा पैसा आज येतो आणि परवां जातो, त्याला दर कितीहि मोठा असला तरी त्याचा उपयोग नाहीं.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत काय आहे तें पहा. जुन्या खात्यांत सरासरी १०,००० रुपये ठेवावे लागत, नव्यांत २५,००० लागतात असें धरा. हे वरचे १५,००० कायमचे अडकले. दुकानदारानें बँकेकडून १२ टक्क्यांनीं कॅश क्रेडिट घेतलें असेल, तर या अडकलेल्या रकमेपायीं त्याला वर्षाला १,८०० रुपये व्याज भरावें लागतें. लाख रुपये वर्षभर ठेवून जादा टक्क्याचे मिळाले १,००० आणि गेले १,८००. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच. सरासरीचाहि हिशेब नीट समजून घ्यावा. लाखाची शिल्लक महिन्यांतले दहा दिवस १०,००० वर आली, तर तीस दिवसांची सरासरी ७०,००० होते. आणि अटींतील आंकड्याखालीं सरासरी गेली कीं दंड पडतो.

याहून मोठी गोष्ट वटावाची. ठोक व्यापारी एक लाखाचा माल देतो आणि सांगतो, “दहा दिवसांत रोख द्याल तर २ टक्के वटाव, नाहीं तर तिसाव्या दिवशीं पुरे पैसे.” येथें ९८,००० रुपये वीस दिवस आधीं दिल्यानें २,००० वांचतात. वर्षाच्या हिशेबानें हा दर सुमारें ३७ टक्के पडतो. सहा आणि सात टक्क्यांचा वाद घालीत बसलेला दुकानदार हा वटाव सोडून देत असेल, तर त्याची काटकसर वृथा होय. म्हणून क्रम असा ठेवावा: आधीं वटाव, मग कर्जाची फेड, आणि त्यानंतर उरेल त्या पैशाचें व्याज.

आतां सर्वांत गंभीर प्रश्न, मुद्दलाचा. १९६० सालीं अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळांतील पालई सेंट्रल बँक बुडाली. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. त्या वेळीं मर्यादा होती १,५०० रुपये. फेब्रुवारी २०२० मध्यें ती ५ लाख झाली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून, एका ठेवीदारास एका बँकेंत, अशी आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचें खातें आणि त्या मालकाचें स्वतःचें खातें एकाच बँकेंत असल्यास दोन्ही मिळून ५ लाख धरले जातात. भागीदारी पेढीचा विमा मात्र वेगळा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्यें निर्बंध आले, तेव्हां आरंभीं सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. पुढें ती मर्यादा वाढली, आणि जानेवारी २०२२ मध्यें ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेंत विलीन झाली. तरी विम्यापलीकडील रक्कम सामान्य ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतच्या हप्त्यांनीं देण्याचें ठरलें. एका बँकेंत आठ लाख ठेवणाऱ्यास जादा टक्क्याचे वर्षाला ८,००० मिळतात. त्यासाठीं तो ३ लाख विम्याच्या छत्राबाहेर ठेवतो. शिवाय धंद्याचा पैसा अडकला कीं नोकरांचा पगार थांबतो, मालाची हुंडी परत जाते, आणि अखेर त्याची झळ स्वयंपाकघरापर्यंत पोंचते.

याचा अर्थ जादा व्याज नेहमींच टाकावें असा नव्हे. डोक्यावर कर्ज नाहीं, वटावाची संधि नाहीं, आणि कराच्या भरण्यासाठीं किंवा दिवाळीच्या मालासाठीं राखलेला पैसा कांहीं महिने खरोखरच पडून राहणार आहे, तर तो अवश्य न्यावा. साडेचार लाखांवर एक टक्का म्हणजे वर्षाला ४,५०० रुपये. ते सोडण्याचें कारण नाहीं, आणि त्या खातेदाराची त्या बँकेंत दुसरी ठेव नसेल तर मुद्दल व व्याज दोन्ही विम्याच्या आंत राहतात. फक्त बँकेच्या कागदावर सही करण्यापूर्वीं त्याच कागदाच्या पाठीवर तीन आंकडे मांडावे: किती रुपये मिळणार, किती दिवस अडकणार, आणि तेवढ्या दिवसांत तेच रुपये दुकानांत काय मिळवितील. पहिला आंकडा तिसऱ्याहून मोठा निघाला तर खुशाल सही करावी. लहान निघाला, तर प्रतिनिधीला चहा पाजून आदरानें निरोप द्यावा.