ताईचा कोर्स मी 'कम्प्लीट' केला

आजचा एपिसोड टेकवर असेल असं मागच्या वेळी म्हटलं होतं. तो आहेच, पण जरा उलट्या बाजूने. आज एक कबुली द्यायचीय. ताईला विचारूनच देतोय.

माझी ताई डीएमएलटी. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, खाजगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नऊ वर्षं काम करते. रक्त काढायचं, मशीन चालवायचं, रिपोर्ट टाईप करायचे, आणि काउंटरवर कुणी नसलं तर पावतीही तिनेच फाडायची. मी पुण्यात, बीटेक करून कोड लिहितो. त्यामुळे लाईटबिलापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत घरातली सगळी ऑनलाइन कामं माझ्या गळ्यात.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिचा फोन आला. लॅबला एनएबीएलची तयारी करायची होती आणि सगळ्या स्टाफच्या ट्रेनिंगचं रेकॉर्ड फाईलला लागणार होतं. मालकांनी एक ऑनलाइन कोर्स घेऊन दिला होता. 12 मॉड्यूल, प्रत्येकाच्या शेवटी 10 प्रश्न, सगळं इंग्रजीत, आणि मुदत रविवारपर्यंत. तिची ड्युटी सकाळी सातला सुरू होते. घरी आल्यावर स्वयंपाक, पोराचा अभ्यास. "अरे, तूच करून टाक ना. तुला काय, दोन तासांचं काम," म्हणाली आणि ओटीपी वाचून दाखवला.

दोन तास नाही लागले. पाऊण तासात संपलं.

व्हिडिओ पुढे ढकलता येत नव्हता. पण 'व्हिडिओ संपला' हा निरोप सर्व्हरला ब्राउझरच पाठवत होता. मी तो हाताने पाठवला. प्रश्न चुकला की बरोबर उत्तर दिसायचं आणि परत सोडवायला मिळायचा. शिवाय चार पर्यायांत सगळ्यात लांबलचक वाक्य बहुतेक वेळा बरोबर निघायचं. सर्टिफिकेट आलं, ताईच्या नावाने, 92 टक्के. रक्तातलं मला तेव्हा एवढंच कळत होतं की ते लाल असतं.

खरं सांगायचं तर मला मजा आली होती. मित्रांना स्क्रीनशॉट पाठवला होता.

आता सप्टेंबर. डेंग्यूचा सीझन. पेशंटची ओळख पटेल असं काही सांगत नाही. एक तरुण बाई, तीन दिवस ताप. सीबीसी केली, प्लेटलेट 41 हजार. नॉर्मल दीड ते साडेचार लाख. डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात हे सगळ्या गावाला पाठ, त्यामुळे आकड्यावर कुणी शंका घेतली नाही. रात्री गाडी करून तिला मिरजेला हलवलं. नवऱ्याने उसने पैसे घेतले, लहान मूल शेजाऱ्यांकडे ठेवलं, भाऊ प्लेटलेटसाठी रक्तपेढी शोधत फिरला. मिरजेच्या लॅबमधल्या एका जुन्या टेक्निशियन काकांनी स्लाईड मायक्रोस्कोपखाली घातली आणि पुन्हा रक्त घेतलं, वेगळ्या ट्यूबमध्ये. आकडा आला 1 लाख 90 हजार.

झालं काय होतं, ते मला नंतर ताईने समजावलं. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यात ईडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पण हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात अशा अँटीबॉडी असतात की ईडीटीएत गेल्यावर प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात सगळं ठीक असतं, गडबड फक्त ट्यूबमध्ये होते. मशीन पेशी आकारावरून मोजतं. त्याला तो गुच्छ प्लेटलेट वाटतच नाही, आणि आकडा धाडकन खाली येतो. उपाय साधा आहे. स्मिअरच्या शेपटीकडे गुच्छ दिसतात का बघायचं. दिसले तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घेऊन लगेच मशीनवर लावायचं आणि आकड्याला 1.1 ने गुणायचं, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो.

काकांनी ताईला फोन केला. ओरडले नाहीत. "बाई, स्लाईड बघितलीत का?" एवढंच विचारलं.

त्या रात्री मी तिच्या लॉगिनने कोर्स परत उघडला. मॉड्यूल सात. नेमकं हेच. दहापैकी नऊ मार्क, हिरवी टिक.

ताई माझ्यावर रागावली नाही, हे जास्त लागलं. "त्या दिवशी चाळीस सीबीसी होत्या रे. मी ते वाचलं असतं तरी स्लाईड बघितली असती का, काय सांगू," म्हणाली. मला तेव्हा वाटलं ती माझी समजूत घालतेय. नंतर लक्षात आलं, ती कोर्सबद्दल फार नेमकं बोलत होती.

बघा, मॉड्यूलच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात विषय लिहिलेला असतो. प्लेटलेटचे गुच्छ. खाली प्रश्न, प्लेटलेट कमी आल्या तर काय शंका घ्याल? उत्तर वरच दिलंय की! लॅबमध्ये मात्र चाळिसाव्या ट्यूबवर कुणी विषय लिहून देत नाही. इथेच थांबायचंय हे ओळखणं, तेच तर काम.

आणि आमच्या धंद्याची गंमत ऐका. ऑनलाइन कोर्स बऱ्याचदा स्कॉर्म नावाच्या जुन्या स्टँडर्डवर चालतात. त्यात धड्याची अवस्था नोंदवायला ठरलेले शब्द आहेत, पूर्ण, अपूर्ण, पास, नापास, नुसतं चाळलं वगैरे. 'हात बदलला' असं काही नाही. अमेरिकेत एएससीपीचं सर्टिफिकेट टिकवायला टेक्नॉलॉजिस्टना दर तीन वर्षांनी 36 पॉइंट दाखवावे लागतात. तिथेही पॉइंट मोजता येतो, नजर मोजता येत नाही. एनएबीएल ज्यावर चालतं त्या आयएसओ 15189 मध्ये मात्र शहाणपणाची गोष्ट आहे. माणसाला काम येतं का हे बघायला त्याला काम करताना बघा, आधी तपासलेले नमुने परत तपासायला द्या, अडचण कशी सोडवतो ते बघा, असं त्यात सुचवलंय. फाईलमध्ये मात्र पीडीएफ जाते, कारण पीडीएफ सोपी असते.

मग आम्ही एक छोटा उद्योग सुरू केला. ताई मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल लावून फोटो काढते, किंवा जुना रिपोर्ट नाव-गाव काढून पाठवते. मी त्याचं एक साधं पान करतो, टू-जीवरही उघडेल असं. मराठीत एकच प्रश्न असतो: रिपोर्ट सोडू की थांबू? विषय लिहायचा नाही. तीच गोष्ट तीन-चार आठवड्यांनी वेगळ्या रूपात परत येते. पहिल्यांदा मी त्यात पॉइंट आणि लीडरबोर्ड घातला होता. "काढ ते. आमची शर्यत नाहीये," असं म्हणून ताईने तो काढायला लावला.

एक नमुना सांगतो. पोटॅशियम 9.4, कॅल्शियम जवळजवळ नाही, आणि पेशंट काउंटरवर उभा राहून चहा पितोय. सोडाल? त्यांच्यातल्या नवीन पोराने बरोबर थांबवलं. बायोकेमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं ओतलं होतं. हे ईडीटीए पोटॅशियमचंच मीठ, आणि कॅल्शियम बांधणारं. दोन्ही आकडे त्यानेच बिघडवले.

आम्ही सध्या पाच जण आहोत. याचं सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून मालकांना त्यात फारसा रस नाही. त्यांचा मुद्दाही मला कळतो, ऑडिटवाल्याला ते काय दाखवणार?

परवा कोर्स कंपनीचा मेल आला, रिन्यूअलचा. बारा मॉड्यूल, मुदत महिनाअखेर. ताईने आठवड्याला तीन असा हिशोब मांडलाय, रात्री साडेनऊनंतर, पोरगं झोपल्यावर. इंग्रजी अडलं तर मला फोन करणार आहे. ओटीपी देणार नाही म्हणाली.

तुमच्यापैकी कुणी लॅबमध्ये असाल आणि 'थांबायला हवं होतं' असा एखादा रिपोर्ट आठवत असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पेशंटचं नाव तेवढं काढून.