'रन' म्हणजे केवळ धावणे नव्हे

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी गिरीज येथे एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला इंग्रजीविषयी चार शब्द बोलण्यास सांगितले. चार शब्दांचा माझा अधिकार नाही. एकाच शब्दाविषयी बोलते. तो शब्द म्हणजे 'रन'. या शब्दाने एकदा माझी चांगलीच फजिती केली आहे.

माझा मुलगा इंग्रजी शाळेत तिसरीत होता. एके दुपारी शेजारच्या मुलाबरोबर चिठ्ठी आली, 'युवर सन हॅज रन आउट ऑफ नोटबुक्स.' माझे इंग्रजी पाचवीपासूनचे. रन म्हणजे धावणे, आउट म्हणजे बाहेर, एवढे पाठ. मला वाटले, पोर वह्या टाकून शाळेबाहेर पळाले! शेगडी विझवली आणि चप्पलही न घालता धावत सुटले. पाहते तो चिरंजीव वर्गात बसलेले! 'अहो, त्याच्या वह्या संपल्या आहेत, एवढेच,' बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. पण त्यानंतर दोन वर्षे मी पालकसभेत तोंड उघडले नाही.

पुढे कळले, की ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती. नंतरच्या आवृत्तीचे काम करताना संपादकांनी 'रन'चे अर्थ मोजले, ते ६४५ भरले! मग माझा एक अर्थ चुकला, यात नवल ते काय?

माणूस धावतो ते रन, नळ वाहतो ते रन, सर्दीने नाक गळते तेही रन. वाडीतला पंप चालतो, कोणी दुकान चालवते, धुताना साडीचा रंग जातो, वसई रोडहून चर्चगेटला गाड्या जातात, सगळीकडे रनच. 'रन इंटू' म्हटले की बाजारात कोणी अवचित भेटते. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो. इंग्रज मात्र आपल्यासारखाच उभा राहतो! आणि 'रन आउट ऑफ' म्हणजे जवळची वस्तू संपणे. भांड्यातले पाणी वाहून गेले की भांडे रिकामे, तसे वह्या सरल्या की दप्तर रिकामे, असे मी मनाशी जुळवून ठेवले आहे.

आता आपल्या घरातला शब्द घ्या, 'लागणे'. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. आंब्याला कैऱ्या लागतात, परीक्षेचा निकाल लागतो, मुलाला नोकरी लागते. स्टँडवर गाडी लागते आणि त्याच गाडीत बसल्यावर एखादीला गाडी लागते! सून सासूची कोण लागते, तेही याच शब्दाने सांगायचे. यातला कोणता अर्थ आपण कोशात पाहिला? शेजारचा शब्द पाहिला, की अर्थ आपोआप उमगतो. भूक शेजारी असली तर एक, निकाल असला तर दुसरा. इंग्रजीचीही रीत हीच आहे. आपण एकेक शब्द सुटा करून पाठ करतो, तिथेच फसतो.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. वहीत शब्द लिहू नका, आख्खे वाक्य लिहा. अडले तर मुलांना विचारा. त्यात कमीपणा नाही. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले आहे. ते आता घरोघरी आहे, आणि त्याच्या भीतीने आईने गप्प बसावे हे बरे नव्हे. माझी ती दोन वर्षे चुकलेल्या अर्थापायी गेली नाहीत, लाजेपायी गेली. त्या काळात मुलाचे गणित मागे पडत होते. शिक्षकांना एक प्रश्न विचारला असता तर वेळीच कळले असते. पण मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

'लागणे' सांभाळणाऱ्या बायकांनी 'रन'ला भिऊ नये. पुढच्या पालकसभेत आपण पुढच्या बाकावर बसू या, असे सुचवून मी आपली रजा घेते.