परसबाग वाढवायची, तर आधी पाणी मोजा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



न्हावा शेवा हे नाव आपल्या कानावर येते ते निर्यातीच्या बातमीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले, डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली, तेव्हा या बंदराचे फाटक दिल्लीतून बंद होते हे आपण पाहिले.

१९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. शेवटची पायरी न्हावा शेवाला जाते, पहिली आपल्या परसात सुरू होते. शेवटच्या पायरीवर सरकारचा हात आहे, पहिलीवर नाही. म्हणून आज पहिलीबद्दल बोलू.

बंदराच्या आजूबाजूच्या गावांचे काय झाले? उरण-पनवेल पट्ट्यातली भातखाचरे आणि मिठागरे नवी मुंबईसाठी घेतली गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठला, जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जणांचे बळी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व आले. १९८९ साली बंदर सुरू झाले. जमिनीचा मोबदला एकराने मोजला गेला. पण भात निघाल्यावर ओलीवर येणारा वाल, मोरीच्या पाण्यावरचे अळू, मांडवावरचे पडवळ कोण मोजणार? जे बाजारात जात नव्हते त्याचा भाव कागदावर नव्हता. घरचे गेले आणि तेच विकत आणावे लागले, की मग भाव कळतो.

आपली जमीन कोणी घेतलेली नाही. तरी ज्वारीच्या तासातली अंबाडी, चवळी, वाळके किती शेतांत राहिली? कापूस विकायचा आणि आठवडी बाजारातून मेथीची जुडी आणायची, ही आपली रीत झाली.

तेव्हा परसबाग वाढवा, असे आपण म्हणतो. पण वाढवायची कशाच्या हिशेबाने? जागेच्या नव्हे, पाण्याच्या. पनवेलकडे अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात तिथलाही परस वाळतो. आपल्याकडे त्याच्या तिसरा हिस्सा पाऊस. पावसाळ्यात गुंठाभर भाजी कोणीही करील. फेब्रुवारीनंतर ती जगेल का, हा प्रश्न आहे.

हिशेब सोपा आहे. चार फूट रुंद, बारा फूट लांब असा वाफा धरा. चार फूटच, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. अशा वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण २० लिटर पाणी लागते, एप्रिल-मे महिन्यात त्याच्या दुप्पट. घरात आंघोळीचे आणि भांड्यांचे मिळून १०० लिटर सांडपाणी निघत असेल, तर हिवाळ्यात पाच वाफे आणि उन्हाळ्यात अडीच. एवढीच आपली बाग. पाचटाचे किंवा तुराट्यांच्या भुग्याचे आच्छादन घातले तर थोडी वाढेल.

माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी धरली, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेपाचशे किलो लागते. पाच वाफ्यांत ती सगळी निघणार नाही. निघेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. म्हणून पहिला मान पालेभाजीला. मेथी एकाच दिवशी पाचही वाफ्यांत पेरू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरा. दोडका, कारले, वाल कुंपणावर चढवा. मुळाशी थोडे पाणी, वेल हवेत पसरतो. कोपऱ्यात दोन शेवगे लावा. साबणाचे पाणी पालेभाजीवर टाकू नका, ते केळी-पपईच्या आळ्यात सोडा.

खताची चिंता नको. मुंबई बंदराच्या कर्मचाऱ्यांचे जेवण जिथे शिजते, त्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच लोकांनी भाजीपाला आणि फळझाडे वाढवली, ती स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर. गच्चीवर जमते, तर उकिरडा दारात असलेल्याला का जमू नये?

कापूसवाल्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. भेंडी कपाशीच्या जवळ लावू नये. तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी दोघींचीही आहे. कपाशीचे औषध परसात आणू नये. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ सालापासून बंदी आहे. फवारणीचा पंप मोरीवर धुतला, तर ते विष वाफ्यातून ताटात येते. औषधाच्या रिकाम्या डब्याने झाडांना पाणी घालू नये.

आता कळीचा मुद्दा. बाग वाढली की पाणी कोण वाहणार? रोजचे १०० लिटर म्हणजे सात-आठ घागरी. कापूस वेचून, भाकऱ्या थापून आलेल्या बाईच्या कमरेवर त्या चढणार असतील, तर ही सीताशेती नव्हे, सीतेचा नवा वनवास आहे. म्हणून मोरीपासून वाफ्यांपर्यंत उताराने चर काढायचा. बाग मोरीच्या खालच्या अंगाला असली पाहिजे. चर खणण्याचे काम पुरुषांनी करायचे. आणि वाफ्यात काय लावायचे, उरलेली भाजी विकली तर पैसा कोणाच्या हाती, हे तिने ठरवायचे.

पुढारी उद्या म्हणतील, परसात भाजी पिकवा आणि कापसाच्या भावाचे विसरा. त्यांना सांगा, घामाच्या दामाची मागणी एका पैशानेही कमी होत नाही. परसबागेने कर्ज फिटत नाही. पण भाव पडला म्हणून पडेल त्या दरात कापूस घालण्याची घाई, बाजारहाटाचा खर्च कमी असला तर चार दिवस पुढे ढकलता येते. ते चार दिवस आपल्याला हवे आहेत.

तेव्हा मृग लागायच्या आत प्रत्येकाने एक काम करावे. सलग तीन दिवस मोरीचे पाणी बादलीने मोजावे. आकडा येईल तेवढेच वाफे आखावेत. पुढच्या बैठकीला तो आकडा घेऊन या.