शिक्षकसंख्या आणि परीक्षा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर शिक्षकसंख्येचे नियम व पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम हे दोन विषय वेगवेगळे मांडले आहेत. परंतु मुलाच्या वाट्यास शिक्षक किती यावा हे पहिला नियम ठरवितो आणि त्या शिकविण्याचे फलित काय, हे दुसरा पाहतो. यास्तव ते एकत्रच वाचले पाहिजेत.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीस ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० मुलांस ३ व ९१ ते १२० मुलांस ४ शिक्षक असावेत. सहावी ते आठवीस दर ३५ मुलांमागे निदान एक शिक्षक हवा. हिशेब सरळ दिसतो. तथापि ५५ पटाच्या शाळेत इयत्ता पाच आणि शिक्षक दोनच. एकाने पहिली-दुसरी घेतली की तिसरी, चौथी व पाचवी दुसऱ्याच्या माथी येते. एक जण रजेवर गेला की पाचही वर्ग एकाच फळ्यासमोर बसतात.

आता परीक्षा पाहू. आठवी पुरी होईपर्यंत मुलास मागे ठेवू नये, असे मूळ कायद्याचे कलम १६ होते. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा आली आणि मागे ठेवण्याचा निर्णय राज्यांवर सोपविला गेला. आपल्या राज्याने २०२३ मध्ये त्याप्रमाणे नियम केले. मात्र अनुत्तीर्ण मुलास जादा अध्यापन द्यावे व निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षेची संधी द्यावी, हे कायद्याचेच बंधन आहे. ती आपली मेहेरबानी नव्हे, मुलाचा हक्क आहे. मागे राहिलेल्या मुलासही शाळेतून काढता येत नाही.

अडचण अशी की, ते दोन महिने बहुतांशी उन्हाळ्याच्या सुट्टीत पडतात. मूल मामाच्या गावी, पालक कामावर आणि शाळेस कुलूप! मग जादा अध्यापन केवळ नोंदवहीत होते. याची किंमत कोण मोजतो? नापासाचा शिक्का बसलेली मुलगी घरी धाकटी भावंडे सांभाळू लागते. तिला पुन्हा शाळेत आणणे फार कठीण.

म्हणून माझी सूचना अशी की, जादा अध्यापनाचा आरंभ मे महिन्यात नव्हे, दिवाळीनंतर लगेच व्हावा. प्रथम सत्र संपताच कोणास वाचता येत नाही, कोणाची हातच्याची वजाबाकी चुकते, याची नावनिशीवार यादी करा. दोनशिक्षकी शाळेत रोज एक तास इयत्ता बाजूस ठेवून कुवतीप्रमाणे गट पाडा. वाचनात अडलेला पाचवीचा विद्यार्थी तिसरीच्या मुलांसोबत बसला तर त्यात कमीपणा नाही. पालकांस निकालाच्या दिवशी नव्हे, जानेवारीच्या सभेतच विश्वासात घ्या. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणूक यांवाचून अशैक्षणिक काम शिक्षकास देऊ नये, असे कलम २७ सांगते. त्याहून निराळे काम आल्यास गेलेले तास लिहून ठेवा व लेखी कळवा.

शिक्षक वाढविणे आपल्या हाती नाही, हे मी जाणतो. पण उत्तरपत्रिकेवरील गुण एकट्या मुलाचे नसतात, हे ध्यानी ठेवून आपण लाल शाई उचलावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.