भाऊबंदकीच्या पलीकडचा भाऊ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आपल्या मराठीने एक गंमत करून ठेवली आहे. 'भाऊबंद' हा शब्द किती मायेचा! पण त्याला नुसती 'की' जोडली, की कोर्टाची तारीख डोळ्यांपुढे उभी राहते. बांध कोरला, भाऊबंदकी. विहिरीच्या पाळीवरून वाजले, भाऊबंदकी. आमच्या घरात दखनी बोलतात. तिथेही वेगळे काही नाही. 'बिरादर' म्हणजे भाऊ, म्हणून 'बिरादरी' म्हणजे खरे तर भाऊपण. पण आज बिरादरी म्हटले की लग्नात कोणाला बोलवायचे आणि मतदानाला कोणाच्या मागे जायचे, एवढाच हिशेब उरतो. भाऊ या नात्याला आपण कुंपण घालून घेतले आहे.

दुसरा शब्द 'मर्द'. हा शब्द आपल्या बीड जिल्ह्यात जरा जास्तच चालतो. २०२४ च्या अखेरीस आपल्याकडच्या पिस्तुलांच्या परवान्यांची चर्चा राज्यभर झाली. कमरेला हत्यार लावून काढलेले पोरांचे फोटो घराघरांतल्या मोबाइलवर पोचले. त्याआधीचा एक आकडा तर अजून मान खाली घालायला लावतो. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७. साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत कमी. पोरगाच हवा, या हट्टाचा तो हिशेब आहे. पोरगा तर मिळाला. पण त्याला पुरुष करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगितले?

आज मला या दोन शब्दांविषयी बोलायचे आहे, आणि ते एका ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यावरून. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' ही कविता ज्यांनी पाठ केली असेल, त्यांना हे नाव परके नाही. शिकाऱ्याने जखमी केलेली ती पक्षीण आणि तिची पिले आपल्यापैकी अनेकांच्या मनात अजून आहेत.

मुसलमान कवीने ख्रिस्ती कवीविषयी का बोलावे, असे कोणाला वाटेल. मला तर 'तुम्ही मराठीत कसे काय लिहिता?' असे अजूनही विचारतात. मी सांगतो, ही भाषा कोणा एकाच्या वाट्याला आलेली जहागीर नाही. फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी त्याच शतकात 'योगसंग्राम' लिहिला. श्रीगोंदे आपल्या आष्टीच्या शेजारच्या मुलखात. या माणसांनी मराठीत आपले घर बांधले, म्हणून आम्हाला आज ओसरीवर बसता येते.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील कडक. आई कवितेची आवड असलेली. ती गेल्यावर पोर घर सोडून निघाले आणि नाशिकला जाऊन संस्कृत शिकले. पुढे लग्न झाले, पण पाय काही एका जागी टिकेनात. आज या गावी, उद्या त्या गावी. नोकरी धरायची आणि सोडायची. रागावला तर वादळ, विरघळला तर पाणी. खिशातले शेवटचे नाणे भिकाऱ्याला देऊन घरी हात हलवत येणारा हा माणूस. हे सगळे आपल्याला कळते ते त्यांच्या पत्नीमुळे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'ने नवऱ्याची एक खोड म्हणून लपवलेली नाही. अंबाजोगाईला बी. ए. ला असताना मी ते पुस्तक प्रथम वाचले. हसलोही खूप, आणि मध्येच पुस्तक मिटून गप्पही बसलो.

१८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना 'नवा करार' वाचायला दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आज कळणे कठीण. पाटावरचा माणूस उंबऱ्याबाहेर गेला. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहान मुलगा. पुढची काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. नवऱ्याने एकट्याने निर्णय घेतला आणि त्याची किंमत बायकोने मोजली. ही गोष्ट टिळकांवर प्रेम करणाऱ्यानेही विसरू नये. मीही विसरत नाही.

पण पुढे जे झाले, ते मला फार मोलाचे वाटते. लक्ष्मीबाई नगरला परत आल्या तेव्हा त्यांचे सोवळे त्यांच्याबरोबर होते. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते सांभाळून घेतले. 'मी नवरा आहे, माझा धर्म तो तुझा,' असा हुकूम केला नाही. सोवळे गेले ते त्यांचे त्यांनाच पटले तेव्हा, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. तापट माणसाने वाट पाहायला शिकणे ही लहान गोष्ट नाही. माझ्या मते टिळकांची मर्दानगी दिसते ती इथे.

ही शिकवण त्यांना कुठून मिळाली? शुभवर्तमानात एक प्रसंग आहे. ज्या रात्री पकडला गेला त्याच रात्री येशू कमरेला रुमाल बांधतो, पाण्याचे भांडे घेतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पाय धुणे हे गुलामाचे काम. शिष्य अवघडून जातात. गुरूने गुलामाचे काम केले, तर मग मोठे कोण? आम्ही मुसलमान हजरत ईसांना पैगंबर मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. हा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण तो प्रसंग वाचताना माझी मान झुकते, त्याला माझा ईमान आड येत नाही.

आता भाऊपणाकडे येऊ. नगर भागातले बहुतेक ख्रिस्ती तेव्हाच्या महार-मांग समाजातून आलेले. त्यांच्यात हा चित्पावन जाऊन राहिला, त्यांच्या पंगतीला बसला, त्यांचा पाळक झाला. त्यांच्या उपासनेसाठी त्याने शेकडो गीते लिहिली, आणि ती परदेशी चालींच्या ओझ्याखाली नव्हेत, तर अभंगाच्या, भजनाच्या वळणाने. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. पूल ओलांडला म्हणून त्यांनी तो मोडला नाही.

या भाऊपणाला वयाचीही अट नव्हती. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव त्याला कायमचे चिकटले. टिळक तिथे होते. ते त्याच्याहून अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी मोठे, नावाजलेले कवी. असा माणूस एक तर पोराला हिणवतो, नाही तर त्याला आपला चेला करून मागेपुढे फिरवतो. टिळकांनी त्याला घर दिले. हा ब्राह्मणाचा हळवा, रुसवाफुगवा करणारा मुलगा नगरला त्या ख्रिस्ती घरात येऊन राहिला, लाड करून घेतले, भांडला, पुन्हा आला. त्याने धर्म बदलला नाही आणि त्यामुळे त्या घरातली त्याची जागाही कमी झाली नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले. पुढच्याच वर्षी, मे महिन्यातच, टिळक गेले.

त्या मधल्या काळात टिळकांनी आयुष्यातली शेवटची मोठी उडी घेतली होती. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. गोरे मिशनरी पैसा देणार आणि देशी ख्रिस्ती हात पसरणार, यात भाऊपण कसले, हा त्यांचा सवाल होता. मिशनऱ्यांशी वैर मात्र त्यांनी धरले नाही. ते साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' उभा केला. नाव दरबार, पण त्यात सरदार-मानकरी नव्हते. तो होता बंधुसंघ. ख्रिस्ताच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. श्रोतेहो, हे शब्द सोपे वाटतात. पण ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी घर, जात, सगेसोयरे गमावले, तोच त्यांनी भाऊपणाची अट केला नाही. स्वतः एवढी किंमत मोजलेल्या माणसाने दुसऱ्याकडून ती मागू नये, याला फार मोठे काळीज लागते. तेव्हा त्यांनी पंचावन्न ओलांडली होती. आपल्याकडे या वयात माणूस 'आता काय राहिले' म्हणून कट्ट्यावर बसतो. मीही त्याच वयाच्या आसपासचा आहे, म्हणून हे जरा धीटपणे म्हणतो.

दरबार टिकला नाही. ९ मे १९१९ ला टिळक वारले आणि एका माणसाच्या ओढीवर उभे राहिलेले ते घर ओस पडले. पण जी कल्पना त्या दरबारामागे होती, ती आमच्या परंपरेतही आहे. मक्केहून सर्वस्व सोडून आलेल्यांना मदिनेत पैगंबरसाहेबांनी तिथल्या रहिवाशांशी जोडून दिले. एकेकाला एकेक भाऊ. नाते रक्ताचे नव्हते, कुळाचे नव्हते. त्याला 'मुआखात' म्हणतात. आमच्या मशिदीत खांद्याला खांदा लावून आम्ही उभे राहतो, ते त्याच आठवणीने. पण मशिदीबाहेर आल्यावर तो खांदा कुठे जातो, हा प्रश्न आम्हीही स्वतःला विचारला पाहिजे. चर्चमध्ये जाणाऱ्यांनाही तो चुकलेला नाही आणि देवळात जाणाऱ्यांनाही.

शेजारच्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, २०२० च्या जानेवारीत साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ख्रिस्ती धर्मगुरू मराठी संमेलनाचा अध्यक्ष कसा, म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन झाले, आजारपण सोसून फादर आले आणि लोकांनी त्यांना ऐकले. २०२४ च्या जुलैत ते गेले. टिळकांनंतर शंभर वर्षांनीही भाऊ म्हणवून घ्यायला परवाना लागतो, हे त्या वेळी दिसले. आणि तो न मागता देणारी माणसेही दिसली.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून हिशेबात होतो 'एक कोयता'. दोन माणसे, चार हात आणि गणती एक. फडात ती त्याच्या बरोबरीने राबते. कोपीवर परतल्यावर चूल मात्र तिची एकटीची. ज्याला पुरुषपणा कशात आहे हे शोधायचे आहे, त्याने फार लांब जाऊ नये. त्या कोपीत संध्याकाळी पाण्याची घागर कोणी उचलली, एवढे पाहावे. आणि ज्याला भाऊपण शोधायचे आहे, त्याने टोळीत आजारी पडलेल्या परजातीच्या म्हाताऱ्याजवळ रात्री कोण बसले, ते पाहावे. असे बसणारे आहेत. त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

टिळकांना लोक 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. त्यांच्या एका कवितेचे नावच 'बापाचे अश्रू' आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मराठी पुरुषाने कवितेच्या कपाळावर हे शब्द लिहिले. आपल्या पोरांना आपण अजूनही सांगतो, 'बाईसारखा रडतोस काय?' मोठ्या माणसांनी हे एक वाक्य जरी सोडले, तरी पुष्कळ होईल. सतरा वर्षांच्या पोराला कोणी तरी ऐकून घेणारे हवे असते. घरात ते मिळाले नाही, तर तो गाडीवर मागे बसवणारा दादा शोधतो, आणि मग दादा सांगेल ती मर्दानगी.

शेवटी एवढेच सांगतो. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य लिहायला घेतले होते. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन आल्या तेव्हा ज्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हते, त्या लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याने अर्धवट टाकलेली ओळ बायकोने उचलली आणि आपल्या शब्दांत पुढे नेली. साताऱ्याचा दरबार मोडला, पण या घरातला मोडला नाही.