कळा सुरू होण्याआधी: बाळंतपणाची खरी तयारी

आजचा विषय आहे बाळंतपण. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. तुम्ही स्वतः गरोदर असाल, बायको किंवा बहीण असेल, किंवा 'आम्ही अजून तीन वर्षं त्या भानगडीत पडणार नाही' असं ठरवलेलं असेल, तरी ऐका. कळा सुरू झाल्यावर शिकायला वेळ मिळत नाही.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक करून दिवसभर कोड लिहिणारी बाई आहे, आणि सध्या मला चौतीसावा आठवडा चालू आहे. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त एपिसोड नाही. हे ऐकून तुमच्या डॉक्टरांशी भांडू नका. त्यांना चांगले प्रश्न विचारा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे सातव्या महिन्यापर्यंत कसली तयारी होते? डोहाळजेवणाची हिरवी साडी, फुलांचा धनुष्यबाण, झोपाळा, फोटोग्राफर. नावांची यादी. डिंकाचे लाडू कोण करणार. हे सगळं हवंच, मीही मिरवलं. पण कळा आल्यावर नेमकं काय होतं, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: 'सगळ्यांचं होतं, तुझंही होईल.'

माझी एक आतेबहीण आहे. हुशार, स्वतःच्या पायावर उभी असलेली. तिचं सिझर होऊन दोन वर्षं झाली. बाळ छान आहे, तीही छान आहे. पण ती एकच गोष्ट परत परत बोलते: 'मला कोणी काही सांगितलंच नाही गं. आत नेलं, बाहेर सह्या घेतल्या, झालं.' सिझर झालं याचं तिला दुःख नाही. ते का झालं, हे तिला आजही माहीत नाही, याचं आहे. कदाचित ते अगदी गरजेचं असेल. पण तिला ते कळायला हवं होतं. आजचा सगळा एपिसोड या एका मुद्द्यावर आहे.

आधी शरीरात काय होतं ते बघू

दिलेली तारीख म्हणजे डेडलाइन नाही. अगदी त्याच तारखेला जन्मणारी बाळं फार थोडी, शंभरात चार-पाच. ३७ ते ४२ आठवडे हा सगळा काळ त्याच खिडकीतला. तारीख उलटली तर तपासण्या वाढतात, आणि ४१ आठवड्यांनंतर कळा आणण्याबद्दल डॉक्टर बोलतात, ते योग्यच आहे. पण तारखेच्या दुसऱ्या दिवशी 'अजून नाही झाली?' असे पंधरा फोन येतात, त्यांना उत्तर द्यायला आईला बसवा.

कळा येतात तेव्हा गर्भाशय आवळतं, सैल होतं, पुन्हा आवळतं. त्यातून पिशवीचं तोंड पातळ होतं आणि उघडतं, शून्यापासून दहा सेंटिमीटरपर्यंत. सुरुवातीचा टप्पा सगळ्यात संथ. कळा येतात, जातात, मध्येच थांबतात. पहिलटकरणीला यात बरेच तास जाऊ शकतात, कधी अख्खा दिवस. आपल्याला वाटतं की झालं, आता बाळ येणारच, आणि आपण दवाखान्यात पळतो. तिथे दोन सेंटिमीटर निघतं, आणि तिथून सगळ्यांचा धीर सुटायला लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात म्हटलंय की जोमाचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा. पहिल्या बाळंतपणात तो साधारण १२ तासांपर्यंत चालू शकतो. आधी एक नियम सर्रास वापरला जायचा, 'तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे.' आई आणि बाळ दोघांची तब्येत चांगली असेल, तर केवळ या वेगापेक्षा हळू आहे म्हणून हस्तक्षेप करू नये, असं त्या शिफारशी सांगतात. तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतात. हे आधी माहीत असेल तर चौथ्या तासाला 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं वाटत नाही.

मग खऱ्या कळा ओळखायच्या कशा? खोट्या कळा विश्रांती घेतली, चाललं, पाणी प्यायलं की विरतात. खऱ्या कळा विरत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. पहिलटकरणीसाठी ढोबळ नियम असा: पाच-पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर चालू असेल तर निघा. दवाखाना लांब असेल तर त्याआधीच निघा. कळा मोजायला ॲप आहेत, पण घड्याळ आणि वहीसुद्धा पुरते.

दुखण्याबद्दल

'बाई म्हटली की सोसायचंच' हे वाक्य आपण इथेच सोडून देऊ. दुखतं, खूप दुखतं. पण कळ सतत नसते. ती लाटेसारखी चढते, उतरते, आणि मध्ये विश्रांती असते. ती विश्रांती वापरता आली पाहिजे. चालणं, भिंतीला किंवा सोबतच्या माणसाला टेकून उभं राहणं, कुशीवर झोपणं, कोमट पाण्याने अंघोळ, कंबरेवर दाब, शेक, लांब श्वास सोडणं, हे सगळं उपयोगी आहे. पाठीवर सरळ पडून राहणं ही बऱ्याचदा सगळ्यात त्रासाची अवस्था. तेव्हा 'मी थोडं चालू का?' हा प्रश्न बिनधास्त विचारा.

आणि एपिड्युरल मागणं म्हणजे हरणं नाही. पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून भूलतज्ज्ञ औषध देतात आणि वेदना खूप कमी होते. जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबू शकतो, रक्तदाब उतरू शकतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पण त्याने सिझरचं प्रमाण वाढत नाही, असं अभ्यास सांगतात. अडचण वेगळीच असते: अनेक दवाखान्यांत रात्री भूलतज्ज्ञ हजर नसतात. म्हणून हे आठव्या महिन्यात विचारायचं, रात्री अडीचला नाही.

सिझरचे आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ मध्ये झाली. त्यानुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खाजगीत ४७.४ टक्के. म्हणजे खाजगीत जवळजवळ दर दुसरं. महाराष्ट्राचा एकूण आकडा २५.४ टक्के.

आता यावरून 'डॉक्टर पैसे खातात' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण कारणं अनेक आहेत. एकच डॉक्टर आणि चोवीस तासांची अनिश्चितता. काही वाईट घडलं तर नातेवाईक तोडफोड करतील ही भीती. आणि आपण स्वतः: 'डॉक्टर, तिला सोसवत नाहीये, करून टाका' म्हणणारे आपण, पंचांग बघून मुहूर्त काढणारेही आपणच.

सिझर जीव वाचवतं. वार खाली असेल, बाळ आडवं असेल, बाळाचे ठोके सतत पडत असतील, तर क्षणाचाही विचार करू नका. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि पुढच्या गरोदरपणात वार चिकटण्यासारखे धोके तिच्यामुळे वाढतात. म्हणून कारण कळणं महत्त्वाचं. उदाहरणार्थ, नाळेचा वेढा. साधारण चार-पाच बाळांमागे एकाच्या मानेला तो असतो, आणि बहुतेक बाळं नेहमीच्या मार्गाने सुखरूप येतात. सोनोग्राफीत नुसता वेढा दिसणं हे एकटं कारण पुरेसं नसतं. ठोके कसे आहेत, हे विचारायचं.

पाच प्रश्न

कुठलाही उपाय सुचवला गेला, कळांचं इंजेक्शन असो, पाणी फोडणं असो, छेद देणं असो किंवा सिझर, तर हे पाच प्रश्न:

एक, ही इमर्जन्सी आहे का, की आपल्याकडे बोलायला दहा मिनिटं आहेत?
दोन, याने मला आणि बाळाला फायदा काय?
तीन, धोका काय?
चार, दुसरा पर्याय आहे का?
पाच, तासभर थांबलो तर काय होईल?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर 'हो, इमर्जन्सी आहे' असं आलं, तर बाकीचे चार नंतर. आपण कोड प्रॉडक्शनवर टाकताना रोलबॅकचा विचार करतो ना, तसंच हे आहे. तिथे कोणी 'तुझा आमच्यावर विश्वास नाही का?' असं विचारत नाही.

आणि प्रश्न विचारणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला नकार देणं नव्हे. बाळ आल्यावर लगेच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्याने जास्त रक्तस्राव टळतो. त्याला आनंदाने हो म्हणा. बाळ ठीक असेल तर नाळ निदान एक मिनिटभर थांबून कापणं, बाळाला उघड्या छातीवर ठेवणं, पहिल्या तासात अंगावर पाजणं, हेही मागून घ्या. उलट, सरसकट प्रत्येकीला छेद देणं, एनिमा देणं, पोटावर वरून दाब देऊन बाळ ढकलणं, या गोष्टींची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही.

संमती कोणाची, हेही माहीत असू द्या. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात निकाल दिला. एका महिलेने तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, जिवाचा तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. आणि उपचाराचं स्वरूप, धोके, पर्याय रुग्णाला आधी सांगितले पाहिजेत. तेव्हा कागद नवऱ्याच्या हातात दिला गेला, तर नवरोबांनो, तुमचं काम सही करण्याआधी तो तिच्यासमोर धरणं.

सोबत कोण?

प्रसूतीच्या वेळी सतत कोणी सोबत असेल तर काय फरक पडतो, यावर १५,००० हून अधिक बायकांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये आला. सोबत असली की नैसर्गिक प्रसूतीची शक्यता वाढते, सिझर कमी होतात, कळांचा काळ थोडा कमी होतो, आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या बायकाही कमी. काही फुकट मिळत असेल तर ते हे.

केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत सोबतीला परवानगी दिली: स्वतः बाळंतपणातून गेलेली नात्यातली बाई, आणि जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवराही. २०१७ पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाने वागवणं हा भाग आहे. प्रत्यक्षात सगळीकडे सोडतातच असं नाही, म्हणून आधी विचारा. आणि सोबत म्हणजे रडणारी, घाबरवणारी किंवा रील काढणारी व्यक्ती नको. पाणी देणारी, कंबर चोळणारी, 'ही कळ गेली बघ' असं सांगणारी हवी.

माहेरी जाताय?

आपली पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत मला आवडते. मीही पुढच्या आठवड्यात जातेय. पण त्यात एक गोची आहे. सात-आठ महिने एक डॉक्टर, आणि ऐन वेळी दुसरे. तेव्हा किमान बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान तिथल्या डॉक्टरांना एकदा भेटा. पूर्ण फाइल न्या: सगळ्या सोनोग्राफी, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, बीपीच्या नोंदी. तुम्ही आरएच निगेटिव्ह असाल तर ते पहिल्या वाक्यात सांगा. सगळ्या कागदांचे फोटो आई, नवरा आणि भाऊ या तिघांच्या फोनमध्ये ठेवा.

विचारायचं काय? सोबत कोणाला सोडता? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? रक्ताची सोय कुठे? बाळाला गरज पडली तर काचेच्या पेटीची सोय इथेच आहे का, की दुसरीकडे न्यावं लागेल? इथे सिझरचं प्रमाण साधारण किती? नॉर्मल आणि सिझर, दोन्हीचा खर्च किती? सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझरसकट बाळंतपण, औषधं, रक्त आणि नेआण मोफत आहे, हेही लक्षात असू द्या. मग एका पानावर, मराठीत, तुमच्या इच्छा लिहून फाइलच्या वर लावा. शेवटची ओळ अशी असू द्या: 'परिस्थिती बदलली तर मला समजावून सांगा, मी सहकार्य करेन.'

आणि हे दिसलं तर थांबायचं नाही

अंगावरून रक्त जाणं. पाणी जाणं, विशेषतः हिरवट. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज. झटके. ताप. अशा वेळी गूगल नाही, 'सकाळी बघू' नाही, आजेसासूबाईंचं एरंडेल तर नाहीच. थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८ लावा.

माझं बाळंतपण कसं होईल, मला माहीत नाही. नॉर्मल होईल, सिझर होईल, एपिड्युरल मागेन, कदाचित नवऱ्याला शिव्याही देईन. पण जे होईल ते का होतंय, हे मला कळलेलं असावं, एवढी माझी मागणी आहे. आणि ती फार मोठी नाही.

हा भाग अशा एखाद्या मैत्रिणीला पाठवा जिला सातवा लागलाय. आणि तिच्या नवऱ्याला तर नक्की पाठवा. पुढच्या भागात बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्याबद्दल बोलू: आळीव, शेक-शेगडी, आणि विनाकारण येणारं रडू. तोवर काळजी घ्या, प्रश्न विचारत राहा. भेटू!